त्रिनिदादच्या राष्ट्रीय निवडणुकीत मत देताना : नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी

नोकरीनिमित्त त्रिनिदादला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत वर्क परमिटचे नूतनीकरण, गाडी चालवण्याचा परवाना आणि कढीपत्ता मिळण्याचे ठिकाण या तीन गोष्टी कोणी ना कोणी सांगतेच. मतदानाचा विषय मात्र कोणी काढत नाही, कारण परक्या देशात आपल्याला मत असेल हेच मुळात कोणाच्या मनात येत नाही. मी २०१८ साली पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलो, तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हते. एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी कुंपणावरून सहज विचारले, "नाव घातलेस का यादीत?" मी हसून म्हणालो, "काका, मी भारतीय पासपोर्टवाला." त्यावर ते म्हणाले, "मग काय झाले? वर्ष भरले ना?"

तेव्हापासून मी येथे दोन राष्ट्रीय निवडणुका पाहिल्या. पहिल्या वेळी जवळपास सगळ्याच चुका केल्या. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून संपूर्ण प्रक्रिया क्रमाने लिहीत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो : नवख्या माणसाचे मत मतदानाच्या दिवशी सहसा हुकत नाही, ते त्याच्या कित्येक महिने आधी, नोंदणीच्या टप्प्यावरच हुकते.

१. आधी आपला हक्क तपासून पाहा

त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या संसदीय निवडणुकीत तेथील नागरिकांबरोबरच राष्ट्रकुलातील इतर देशांच्या नागरिकांनाही मत देता येते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, देशात किमान एक वर्ष कायदेशीर वास्तव्य झालेले असावे लागते आणि ज्या मतदारसंघात नाव नोंदवायचे तेथे किमान दोन महिने राहिलेले असावे लागते. हे वर्ष आणि हे दोन महिने ठरावीक पात्रता दिनांकापर्यंत मोजले जातात. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर हा हक्क मिळतो.

येथे आपल्या लोकांची दोन ठिकाणी गफलत होते. पहिली ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते त्या कार्डाची. तुम्ही अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले असेल आणि हातात ओसीआय कार्ड असेल, तर तुम्ही भारताचे नागरिक नाही. अमेरिका राष्ट्रकुलात नसल्यामुळे संसदीय निवडणुकीत तुम्हाला मत नाही. मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत राष्ट्रकुलाबाहेरच्या देशांच्या नागरिकांनाही पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मत देता येते. कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला ही अडचण नाही. दुसरी गफलत 'कायदेशीर' या शब्दाची. नुसते वर्षभर राहणे पुरेसे नाही, ते वास्तव्य परवान्याने झाकलेले हवे. जुन्या परवान्याची मुदत संपून नवा हाती येईपर्यंत मध्ये काही काळ गेला असेल, तर तो कसा धरला जाईल हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट विचारून घ्यावे.

घरी फोनवर हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तू तिकडचा नागरिक झालास का?" मतदार यादीत नाव घालणे म्हणजे नागरिकत्व घेणे नव्हे. उमेदवार म्हणून संसदेसाठी उभे राहण्याचा हक्क मात्र केवळ नागरिकांनाच आहे.

जाता जाता शेजारच्या देशांविषयी. जमैका आणि गयानामध्येही राष्ट्रकुलातील नागरिकाला एक वर्षाच्या वास्तव्यानंतर मत मिळते, तर बार्बाडोसमध्ये तीन वर्षे थांबावे लागते. सुरिनाममध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी असली, तरी तो देश राष्ट्रकुलात नाही. तेव्हा बदली कोणत्या बेटावर किंवा किनाऱ्यावर झाली आहे ते पाहूनच हिशेब करावा.

२. कागदपत्रे गोळा करा

नोंदणीला जाण्यापूर्वी पुढील कागद मूळ प्रतीसह एका पिशवीत ठेवावेत आणि प्रत्येकाची झेरॉक्सही बरोबर घ्यावी :

• पासपोर्ट, आणि त्यातील देशात प्रवेश केल्याचे व मुदतवाढीचे शिक्के असलेली पाने. पासपोर्ट मध्येच नवा काढला असेल तर जुनाही.
• वर्क परमिट किंवा कायम निवासाचे प्रमाणपत्र. पती किंवा पत्नी अवलंबित म्हणून राहत असेल तर त्या दर्जाचा कागद आणि विवाह नोंदणीचा दाखला.
• जन्मदाखला.
• पत्त्याचा पुरावा : अलीकडचे विजेचे बिल किंवा पाण्याचे बिल. येथे त्यांना टीटेकचे बिल आणि वासाचे बिल म्हणतात.
• बिल घरमालकाच्या नावावर असेल तर तुम्ही तेथे राहता असे त्याच्या सहीचे पत्र, आणि स्वतःच्या नावाचा भाडेकरार.

जन्मदाखल्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. आपल्याकडील नगरपालिकांचे आणि ग्रामपंचायतींचे जुने दाखले अनेकदा केवळ मराठीत असतात. त्रिनिदादमध्ये चौकाचौकात हिंदी गाणी ऐकू आली आणि देवळांवर देवनागरी अक्षरे दिसली, तरी कार्यालयातील सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो आणि देवनागरी वाचू शकणारा कर्मचारी भेटेल अशी आशा धरू नये. भारतातून निघण्यापूर्वीच दाखल्याची इंग्रजी प्रत किंवा नोटरीकडून प्रमाणित केलेले भाषांतर करून घ्यावे.

दुसरा सापळा नावाचा. आपल्या पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. मधले नाव वडिलांचे आहे, ते आपले दुसरे नाव नव्हे, ही गोष्ट येथे कोणाच्या लक्षात येत नाही. पासपोर्टवर जसे छापले आहे अगदी तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने प्रत्येक अर्जात लिहावे. माझ्या पत्नीच्या विवाहाच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि घरभाड्याच्या करारावर दोन्हींची सरमिसळ होती. ते निस्तरायला तिला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

३. नोंदणी करा, आणि निवडणुकीची वाट पाहू नका

मतदार नोंदणी, राष्ट्रीय ओळखपत्र देणे, मतदारसंघांच्या सीमा आखणे आणि निवडणूक घेणे ही सर्व कामे निवडणूक व सीमा आयोग पाहतो. लोक त्याला ईबीसी या आद्याक्षरांनीच ओळखतात. देशभर त्याची विभागीय नोंदणी कार्यालये आहेत आणि तुमच्या पत्त्याला लागू असलेल्या कार्यालयातच जावे लागते. आपल्याकडे आधार वेगळे आणि मतदार ओळखपत्र वेगळे. येथे राष्ट्रीय ओळखपत्र देणारी संस्था आणि मतदार यादी ठेवणारी संस्था एकच आहे. त्यामुळे एका नोंदणीत दोन्ही कामे होतात आणि ते ओळखपत्र पुढे बँकेपासून सगळीकडे उपयोगी पडते.

माझी पहिली फेरी फुकट गेली, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. मी मोठ्या ऐटीत भाडेकरार घेऊन गेलो. त्यावर भाडेकरू म्हणून माझ्या कंपनीचे नाव होते आणि मी त्या घरात राहतो असे एका ओळीतही लिहिलेले नव्हते. समोरच्या बाईंनी तो करार शांतपणे शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडे सरकवला आणि विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?" कंपनीने घर दिलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला घरीच विचारावा आणि मनुष्यबळ विभागाकडून पत्त्याचे पत्र आधी घ्यावे.

नोंदणी वर्षभर चालू असते आणि वार्षिक मतदार यादी १ जुलैला प्रसिद्ध होते. मात्र 'निवडणूक जाहीर झाली की जाऊ' असे म्हणणारा माणूस हमखास फसतो. येथे निवडणुकीची ठरलेली तारीख नसते. संसदेची मुदत पाच वर्षांची असली, तरी त्याआधी कधीही पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्राध्यक्ष संसद विसर्जित करू शकतात. २०२५ मध्ये काय झाले पाहा. कीथ राउली पायउतार झाल्यावर १७ मार्चला स्टुअर्ट यंग यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, दुसऱ्याच दिवशी २८ एप्रिलला मतदान असल्याचे जाहीर केले, आणि सहा आठवड्यांच्या आत सगळे आटोपलेही. अशा वेळी कागदांची जुळवाजुळव करत बसलेल्याचे नाव यादीत येणे कठीणच.

४. मतदारसंघ ओळखा आणि पत्ता बदलला की कळवा

लोकप्रतिनिधींच्या सभागृहात ४१ जागा आहेत. त्यांपैकी ३९ त्रिनिदाद बेटावर आणि दोन टोबॅगोवर. प्रत्येक मतदारसंघातून एक प्रतिनिधी निवडला जातो आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी आपल्या लोकसभेसारखीच पद्धत आहे. देशात मतदार अकरा लाखांहून थोडे अधिक, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस हजार. आपल्याकडच्या लोकसभेच्या एका मतदारसंघात यांच्या साऱ्या देशाहून अधिक मतदार असतात. या छोट्या आकड्यांमुळे येथे काहीशे मतांनी सरकारे बदलू शकतात आणि उमेदवार खरोखरच दारात येऊन उभा राहतो.

मतदारसंघ लहान असल्यामुळे त्यांच्या सीमाही जवळजवळ असतात. घर दोन किलोमीटर हलवले तरी मतदारसंघ बदलू शकतो. मी २०१९ च्या अखेरीस शग्वानसहून कूवाला घर हलवले, वीज, पाणी आणि इंटरनेटवाल्यांना नवा पत्ता कळवला, आणि ओळखपत्रावरचा पत्ता तसाच राहिला. १० ऑगस्ट २०२० च्या मतदानाला मी कूवातल्या जवळच्या शाळेत रांगेत उभा राहिलो आणि दारावरच्या यादीत नाव सापडेना. माझे नाव अर्थातच जुन्या पत्त्याच्या केंद्रावर होते. गाडी काढून परत शग्वानसला गेलो, मत दिले, पण ज्यांच्या रस्त्यांशी आणि गटारांशी माझा संबंध उरला नव्हता अशा मतदारसंघात ते दिले. पत्ता बदलल्यावर दोन महिन्यांची अट नव्या मतदारसंघात पुन्हा मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

५. पक्ष समजून घ्या

नवख्याला येथे कोणीतरी एका वाक्यात राजकारण समजावून देतो : "आफ्रिकी वंशाचे लोक लाल, भारतीय वंशाचे पिवळे." हे वाक्य अगदी खोटे नाही, पण केवळ त्याच्यावर विसंबून मत देणाऱ्याला या देशाची एकही निवडणूक नीट कळणार नाही. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास २३ टक्के होते. अर्थात कोणत्याही एका समाजाच्या बळावर बहुमत मिळत नाही.

लाल रंगाचा पक्ष म्हणजे पीपल्स नॅशनल मूव्हमेंट, सर्वांच्या तोंडी पीएनएम. इतिहासकार असलेल्या डॉ. एरिक विल्यम्स यांनी १९५६ मध्ये तो स्थापन केला आणि त्याच वर्षी सत्ता मिळवली. ३१ ऑगस्ट १९६२ ला देश स्वतंत्र झाला तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. १९८१ मध्ये निधन होईपर्यंत ते सत्तेवर होते आणि पक्षाची सत्ता १९८६ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे टिकली. पक्षाचे चिन्ह बालिझिए नावाचे फूल. आपल्या बागांत हेलिकोनिया म्हणून लावतात त्याच कुळातले, लालभडक आणि कर्दळीची आठवण करून देणारे.

पिवळा पक्ष म्हणजे युनायटेड नॅशनल काँग्रेस, अर्थात यूएनसी. साखर कामगारांचे नेते बासदेव पांडे यांनी १९८९ मध्ये तो काढला. चिन्ह उगवता सूर्य. १९९५ मध्ये पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले आणि २०१० मध्ये याच पक्षाच्या कमला पर्साद-बिसेसर या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत यूएनसीला २६ जागा, पीएनएमला १३ आणि टोबॅगो पीपल्स पार्टीला दोन जागा मिळाल्या, आणि कमलाताई दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या.

या दोन रंगांच्या पलीकडचे पाहायचे तर चार निवडणुका लक्षात ठेवाव्यात. इथल्या लोकांना त्या पाठ असतात आणि प्रत्येक गप्पांत त्यांचा उल्लेख होतो.

१९८६ : आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या नेत्यांनी एकत्र येऊन नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शन हा पक्ष उभा केला. त्याने ३६ पैकी ३३ जागा जिंकून पीएनएमची तीस वर्षांची सत्ता उलथवली. ए. एन. आर. रॉबिन्सन पंतप्रधान झाले. ती एकजूट फार काळ टिकली नाही, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या गटातूनच पुढे यूएनसी जन्माला आली.

१९९५ : दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी १७ जागा आणि उरलेल्या दोन टोबॅगोच्या. त्या दोन जागा रॉबिन्सन यांच्या पक्षाकडे होत्या. त्यांनी पांडे यांना पाठिंबा दिला आणि सरकार बनले. टोबॅगोच्या दोनच जागांची एवढी चर्चा का होते, हे यावरून कळेल.

२००१ : १८-१८ अशी बरोबरी. तोपर्यंत रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष झालेले होते. त्यांनी सत्तेवर असलेल्या पांडे यांच्याऐवजी पीएनएमचे पॅट्रिक मॅनिंग यांना पंतप्रधान नेमले. सभागृहाला साधा सभापतीही निवडता येईना. अखेर २००२ मध्ये पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. पुढे २००७ च्या निवडणुकीपासून जागा ४१, म्हणजे विषम संख्येत आल्या.

२००७ : विन्स्टन दुकेरन यांच्या नव्या काँग्रेस ऑफ द पीपल या पक्षाला २२ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि जागा एकही नाही. तिसऱ्या पक्षाला मत देण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर आपल्या मतदारसंघात त्याचे बळ कितपत आहे ते आधी पाहावे. तत्त्वासाठी मत द्यायचे असेल तर खुशाल द्यावे, पण परिणाम माहीत असताना द्यावे.

पक्षांचे जाहीरनामे वाचताना नवख्याने तीन विषयांकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते : नैसर्गिक वायू आणि व्हेनेझुएलाशी असलेले संबंध, गुन्हेगारी, आणि परकीय चलनाची टंचाई. या देशाचे उत्पन्न तेल आणि वायूवर उभे आहे. पॉइंट लिसासमधले अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने वायूवर चालतात, आणि आपल्यापैकी अनेकांचा पगारही. घरी पैसे पाठवण्यासाठी बँकेत अमेरिकी डॉलर मागायला गेलेल्याला तिसरा विषय समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

६. प्रचाराच्या दिवसांत कसे वागावे

प्रचार म्हणजे येथे अर्धा कार्निव्हल असतो. मोठाले स्पीकर लादलेले ट्रक, सोका आणि चटणी या इथल्या संगीतप्रकारांच्या चालीवरची प्रचारगीते, मोटारींच्या लांबच लांब रांगा आणि सर्वांच्या अंगात पक्षाच्या रंगाचे टी-शर्ट. त्यांना येथे जर्सी म्हणतात. सभेला ऐकायला जरूर जावे, भाषणे झणझणीत असतात.

कपड्यांच्या बाबतीत मात्र जपून असावे. २०२० च्या जुलैत मी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा लालभडक टी-शर्ट घालून सकाळी डबल्स, म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्यांत घातलेले चणे, खायला गेलो. गाडीवाल्या मावशींनी पुरीवर चण्याचा डाव रिता केला आणि हात तसाच वर धरून विचारले, "बाळा, तूसुद्धा बालिझिए?" मागे उभे असलेले चौघे हसले. मी छातीवरचा गणपती दाखवला, तर त्या म्हणाल्या, "देव ठीक आहे, पण रंग बघ." तेव्हापासून निवडणूक लागली की मी निळे आणि पांढरे घालतो.

आडनावावरून आणि चेहऱ्यावरून तुम्ही पिवळेच असणार असे गृहीत धरले जाईल. वाद घालू नये, दुजोराही देऊ नये. आपण वर्क परमिटवर आहोत, मत गुप्त असते, आणि पक्षाच्या व्यासपीठावर चढण्याची किंवा घरावर झेंडा लावण्याची आपल्याला गरज नाही. मत हा हक्क आहे, प्रचारकार्य हे कंपनीच्या नियमांत बसते का ते आधी पाहावे.

७. मतदानाचा दिवस

मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत चालते. केंद्रे बहुधा शाळांत असतात. त्या दिवशी सुट्टी असेलच असे धरून चालू नये. कामाच्या वेळेतून मतदानासाठी सवड मागता येते, ती आदल्या दिवशीच साहेबांना सांगून ठेवावी.

सकाळीच जा. पावसाळ्यात निवडणूक असेल तर हा सल्ला आणखी जोराने देईन. ७ सप्टेंबर २०१५ च्या मतदानादिवशी त्रिनिदादमध्ये मुसळधार पाऊस झाला, रस्त्यांवर पाणी साचले आणि आयोगाने संध्याकाळची वेळ एका तासाने वाढवली. त्या एका तासावरून यूएनसी न्यायालयात गेली. वेळ वाढवणे कायद्याला धरून नव्हते, मात्र त्याने निकालावर परिणाम झाला नाही, असा निर्णय आला. पुढच्या वेळी जादा तास मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

केंद्रात प्रत्यक्ष काय होते ते असे. दाराशी तुम्ही ओळखपत्र दाखवता. तुमचे नाव मोठ्याने पुकारले जाते, कारण पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करत असतात. आपल्याकडेही हे होते, तरी आपले नाव परक्या उच्चारात अख्ख्या वर्गात घुमलेले ऐकून पहिल्यांदा दचकायला होते. (माझ्या आडनावातला 'ळ' कोणालाच जमला नाही.) मग मतपत्रिका मिळते. येथे मतदान यंत्र नाही, कागदच आहे. यंत्रांवरून झालेला वाद या देशाने फार पूर्वीच अनुभवला आहे : १९७१ मध्ये मतदान यंत्रांच्या निषेधार्थ विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि पीएनएमला सगळ्याच्या सगळ्या ३६ जागा मिळाल्या.

आडोशाला जाऊन पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोर फुलीची खूण करायची, एवढेच काम. बरोबरची खूण करू नये, सही करू नये, नाव लिहू नये. ज्यावरून मतदार ओळखता येईल अशी कोणतीही निशाणी असलेली मतपत्रिका बाद होते. खूण चुकली तर ती तशीच पेटीत टाकू नये, केंद्राध्यक्षांना परत देऊन दुसरी मागावी. 'नोटा'चा पर्याय येथे नाही. घडी घालून मतपत्रिका पेटीत टाकायची. शाई लावण्याची पद्धत मात्र आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे काडीने नखावर रेघ ओढतात, येथे बोटाचे टोक शाईत बुडवतात. त्या दिवशी पोळ्या लाटायच्या असतील तर आधीच लाटून ठेवाव्यात.

सापळे थोडक्यात सांगतो. मोबाइल गाडीतच ठेवावा. मतपत्रिकेचा फोटो काढण्याचा मोह महागात पडू शकतो. पक्षाचे चिन्ह किंवा घोषणा असलेला कपडा, टोपी, बिल्ला घालून केंद्रावर जाऊ नये. ओळखपत्र हरवले असेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तरी घरी बसू नये, कारण यादीत नाव असेल तर ओळखीविषयी शपथ किंवा प्रतिज्ञापूर्वक निवेदन देऊन मत देता येते. वेळ मात्र अधिक लागतो. आणि मतदानाच्या वेळेत दारूची विक्री बंद असते, तेव्हा संध्याकाळच्या पाहुणचाराची सोय करणाऱ्यांनी ती आदल्या दिवशी पाहावी.

कामानिमित्त मतदानाच्या दिवशी देशाबाहेर असाल तर टपालाने किंवा दूतावासात मत देण्याची सोय नाही. पोलीस, निवडणूक कर्मचारी, समुद्रातल्या तेलफलाटांवरचे कामगार अशा काही ठरावीक गटांना विशेष मतदार म्हणून आधी मतदान करता येते. तुम्ही फलाटावर पाळ्या करत असाल, तर त्यासाठीचा अर्ज कंपनीमार्फत कधी द्यायचा हे निवडणूक जाहीर झाल्याच्या आठवड्यातच विचारावे.

८. निकालाची रात्र

मतदान संपले की मतमोजणी त्याच केंद्रात सुरू होते आणि रात्री नऊ-दहापर्यंत चित्र बरेचसे दिसू लागते. हे प्राथमिक आकडे असतात, अंतिम मोजणी त्यानंतर होते. लढत घासून झाली तर फेरमोजणी मागितली जाते. २०२० मध्ये पीएनएम २२ आणि यूएनसी १९ असा निकाल लागला, तेव्हा अनेक जागांवर फेरमोजणीच्या मागणीमुळे अंतिम घोषणा काही दिवस लांबली होती. त्या दिवसांत कार्यालयातल्या गप्पांत आपले भाकीत सांगू नये, दोन्ही बाजूंचे लोक दुखावलेले असतात.

बहुमत असलेल्या नेत्याला राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतात. दुसऱ्या सभागृहासाठी, म्हणजे ३१ सदस्यांच्या सिनेटसाठी तुम्हाला मत द्यायचे नसते. त्यातील १६ जण पंतप्रधानांच्या, सहा जण विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने आणि नऊ जण राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या निवडीने नेमले जातात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी सकाळी सहाला पाच मिनिटे कमी असताना कूवातल्या त्याच शाळेच्या फाटकाशी उभा होतो, ज्या शाळेतून पाच वर्षांपूर्वी परत फिरलो होतो. रांगेत माझ्या पुढे कूवातल्या शेजारचे काका, मागे रात्रपाळी संपवून थेट आलेला हेल्मेट हातात घेतलेला कामगार. दारावरच्या यादीत काकांनीच माझे नाव आधी शोधले आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, या वेळी आहेस." मत देऊन गाडीत परतल्यावर ओळखपत्र पाकिटात ठेवताना मी त्याच्या मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली, आणि १ जुलैला यादी पाहण्याची आठवणही लावली.